ड्रायरचे आठ आकडे

प्रभाकरराव किन्हेकरांच्या बियाण्याच्या कारखान्यात एक रीत होती. हंगाम सुरू व्हायच्या आधी, संक्रांतीच्या आठवड्यात, जो माणूस जे मशीन चालवतो त्यानं ते स्वतःच्या हातानं रंगवायचं. पेंटर बोलवायचा नाही, दुसऱ्याच्या हाती ब्रश द्यायचा नाही. मग मुहूर्ताला नारळ फुटला, झेंडूचा हार चढला, की बटण दाबायचं. कारखाना म्हणजे वर्ध्याजवळ सिंदी मेघेच्या पुढे पत्र्याच्या दोन शेड, बाकी काही थाटमाट नाही. पण जानेवारीत कोणी पाहुणा आलाच तर त्याला वाटावं, इथे आज वरात यायची आहे.

या रंगकामात तानबा शेंडेचा हात धरणारा कोणी नव्हता. ओलं बियाणं गरम हवेवर सुकवायचा जो मोठा ड्रायर, त्यावर तानबा बावीस वर्षं होता. त्याचं रंगवणं चार दिवस चालायचं. जुना रंग पॉलिश पेपरनं घासायचा, तांबडा प्रायमर द्यायचा, वर हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात मारायचे. बाकीचे लोक दिसेल तेवढंच रंगवतात, असं तो जरा नाक वर करून सांगायचा.

नव्व्याण्णव सालच्या हंगामासाठी प्रभाकररावांनी ड्रायरला नवं पॅनेल बसवलं होतं. दिवाळीत पुण्याहून कंपनीची माणसं आली, ड्रायरच्या आठ कोपऱ्यांत आठ सेन्सर लावून गेली. प्रत्येक सेन्सरची केबल पॅनेलच्या वरच्या कडेला एका धातूच्या सॉकेटमध्ये शिरायची आणि खाली आठ लाल आकडे पेटायचे: कुठल्या कोपऱ्यात किती अंश गरम आहे, ते दशांशापर्यंत. या पॅनेलबरोबरच कारखान्यात शरयू मुडे आली. वर्ध्यातल्या एका गणिताच्या मास्तरांची मुलगी, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा, वय तेवीस, लुनावरून यायची. शेडमध्ये बियाणं निवडणाऱ्या बाया सोडल्या तर मशीनच्या बाजूला उभी राहणारी ती पहिलीच बाई. लोकांनी तिला ‘मॅडम’ म्हणायला सुरुवात केली, त्यात आदर किती आणि गंमत किती हे तिलाही ठाऊक होतं.

शरयूचा त्या आठ आकड्यांवर फार जीव होता. सेन्सर म्हणजे दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा, टोकाशी जोडलेल्या. ते टोक तापलं की तारांमध्ये इवलीशी वीज निर्माण होते. एका अंशाला मिलिव्होल्टचा पंचविसावा हिस्सा, बस. एवढंसं काहीतरी तीस फूट केबलमधून येतं आणि खरं बोलतं, याचं तिला रोज नव्यानं कौतुक वाटायचं. घरी जेवताना ती हेच सांगत बसायची, आणि आई म्हणायची की आधी भाजी घे.

आणि मुहूर्ताच्या दिवशीच या आकड्यांनी तिचं नाक कापलं.

नारळ फुटला, तानबानं ब्लोअर पूर्ण वेगावर आणला, आणि आकडे नाचायला लागले. अडतीसचे एक्कावन्न, एक्कावन्नचे एकोणतीस, मग एकदम त्रेसष्ट. ब्लोअर बंद केला की सगळे शहाण्यासारखे गप्प. दिवाळीत हेच पॅनेल याच ब्लोअरबरोबर व्यवस्थित चाललं होतं, तेव्हा ती स्वतः हजर होती. मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या नव्या ड्राइव्हमधून विजेचा कचरा उडतो आणि तो सेन्सरच्या तारांमध्ये घुसतो, एवढं तिला लगेच कळलं. पण दिवाळीत जो कचरा बाहेर अडत होता तो आता आत कसा यायला लागला, ते काही कळेना.

पंधरा दिवस ती त्यामागे हात धुऊन लागली. केबली मोटरच्या केबलीपासून दूर नेल्या. कनेक्टर उघडून पुन्हा झाळले. एसटीनं नागपूरला जाऊन नवी सॉकेटं आणली आणि जुनी काढून त्याच भोकांत, त्याच गुळगुळीत हिरव्या पत्र्यावर आवळून बसवली. पुण्याला एसटीडी बूथवरून फोन केला, तर तिकडचा माणूस केबल बदला एवढंच सांगत राहिला. फरक शून्य. आठांपैकी सात आकडे नाचतच राहिले. एक नंबर तेवढा ढिम्म एका जागी बसून असायचा. सगळे नाचतात आणि हा हलतही नाही, त्याअर्थी हा मेला, असं शरयूनं ठरवून टाकलं. त्याच्यासाठी नवा सेन्सर मागवला आणि तो येईपर्यंत त्या सॉकेटला हातही लावला नाही. पुढे आयुष्यभर तिला या निष्कर्षाची लाज वाटायची, आणि ती लाज ती हसत हसत सांगायची.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पवनारचे नाना कांबडी आपली सरकी घेऊन आले.

नाना शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. धाम नदीच्या काठी चार एकर तुकडा, आणि त्यात अकरा वर्षं एकच उद्योग. हलक्या, मुरमाड जमिनीत, पावसानं ओढ दिली तरी बोंड धरणारं कपाशीचं झाड निवडायचं, त्याची सरकी ठेवायची, पुन्हा पेरायची, पुन्हा निवडायचं. लोकांनी मनसोक्त थट्टा केली. बायको, शकुबाई, म्हणायची की यांनी माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाही. पण यंदा नानांकडे चार क्विंटल सरकी झाली होती, एकजात, आणि मृगाला चाळीस जणांच्या शेतात ती पेरली जाणार होती. जगात या वाणाची सरकी एवढीच.

पेरण्याआधी सरकीवरची लव तेजाबानं काढावी लागते, मग ती पाण्यानं धुवावी लागते. एकदा धुतली की तिला वेळ नसतो. चोवीस तासांत सुकली नाही तर पोत्यातच मोड येतात नाहीतर बुरशी धरते. आणि सुकवताना त्रेचाळीस अंशांच्या वर गेली तर आतला कोंब मरतो. वरून दाणा तसाच टणक, काळाभोर, छान दिसतो. मेलेला आहे हे पेरल्यावर कळतं.

आदल्या संध्याकाळी शरयूनं ब्लोअर चालवून पाहिला होता आणि आकडे अर्धा तास शांत होते. तिला इतका आनंद झाला की तिनं फार खोलात जाऊन पाहिलं नाही. सकाळी नानांनी विचारलं, सुरू करायचं का, तेव्हा तिनं मान डोलावली. सकाळी नऊ वाजता चार क्विंटल सरकी धुऊन निघाली. साडेनऊला तानबानं ब्लोअर लावला आणि आकडे पुन्हा नाचले. काल संध्याकाळी व्होल्टेज कमी होतं म्हणून तानबानं ब्लोअर अर्ध्या वेगावर ठेवला होता. ते तिनं विचारलंच नव्हतं.

बाहेर तीन दिवसांचं ढगाळ. ऊन नावाला नाही. ओली सरकी ताडपत्रीवर पसरली होती आणि निवडणाऱ्या बाया ती हातानं वरखाली करत होत्या. नाना सरकीजवळ उकिडवे बसले होते. शरयू समोर उभी राहिली. तिनं सरळ सांगून टाकलं की चूक माझी आहे, मी नीट न बघता हो म्हटलं.

तानबानं आपला उपाय पुढे केला. “हात लावून सुकवतो मी. बावीस वर्षं तेच करून राह्यलो.”

“तुह्या हाताले त्रेचाळीस अन् सेहेचाळीस सारखंच लागते, तानबा,” नाना शांतपणे म्हणाले. “माह्या सरकीले नाई लागत.”

तानबाचा चेहरा उतरला. खरं होतं ते. हातावर सुकवलेल्या बियाण्याची उगवण शंभरात पासष्ट-सत्तर व्हायची आणि त्यात सगळे खूश असायचे. काचेचं एक थर्मामीटर होतं, पण एका थर्मामीटरनं आठ कोपरे कसे सांभाळायचे? एक कोपरा बघेपर्यंत दुसरा भाजून निघायचा.

नाना उठले, धोतर झटकलं आणि शरयूला म्हणाले, “पोरी, हे चार क्विंटल म्हंजे माहे अकरा वर्षं आहे. मी काई अजून तीस वर्षं जगत नाई. दुपारपर्यंत जमत असंन तर सांग, नाईतर पवनारले नेतो अन् घरात पंख्याखाली पसरवतो. निम्मी तरी वाचंन.”

निम्मी वाचणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि तिलाही. तिनं दुपारी दोनपर्यंत वेळ मागून घेतला.

आता खरी धावपळ सुरू झाली. शरयूनं ओढणी कमरेला बांधली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च. तानबाला तिनं कोपऱ्याकोपऱ्यात काचेचं थर्मामीटर धरायला लावलं. निदान कुठला आकडा किती खोटं बोलतो ते तरी कळावं. तानबाचा राग गेला नव्हता. थर्मामीटर लावायच्या आधी तो मुद्दाम हात आत घालून स्वतःचा अंदाज ओरडायचा आणि मग काचेतला आकडा सांगायचा. तीन नंबरला त्याचा हात म्हणाला चाळीस, काच म्हणाली बेचाळीस, पॅनेल म्हणालं सत्तावन्न. सहा नंबरला हात एक्केचाळीस, काच चाळीस, पॅनेल तेहेतीस.

“एक नंबर. माहा हात, एक्केचाळीस,” तानबा ओरडला. मग थोडा थांबून म्हणाला, “काच बी एक्केचाळीस.”

शरयूनं पॅनेलकडे पाहिलं. एक नंबरवर ४१.० होतं.

तिला वाटलं योगायोग. तिनं गरम हवा थोडी वाढवायला सांगितली. काच त्रेचाळीस, एक नंबर ४२.९. कमी करायला सांगितली. काच एकोणचाळीस, एक नंबर ३९.१. पंधरा दिवस जो मेला म्हणून तिनं सोडून दिला होता, तो आठांमधला एकटा जिवंत होता. तो नाचत नव्हता कारण तो खरं बोलत होता.

मग एक नंबरमध्ये असं काय आहे जे बाकीच्या सातांमध्ये नाही? सेन्सर चांगला? केबल चांगली? की सॉकेट? हे शोधायचा मार्ग सोपा होता: अदलाबदल. एक नंबरची केबल दोनमध्ये, दोनची एकमध्ये. ती धावतच पॅनेलकडे गेली.

वाटेत हार होता. मुहूर्ताचा झेंडूचा हार, पंधरा दिवसांचा वाळलेला, पॅनेलच्या वरच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तोरणासारखा टांगलेला. या कारखान्यात हंगामाचा पहिला लॉट बाहेर पडल्याशिवाय मशीनवरचा हार उतरवत नसत. शरयूला ते माहीत होतं, म्हणून बाकीची सॉकेटं बदलताना तिनं तो नुसता वर सारला होता, पण एक नंबरच्या सॉकेटवर हाराची गाठच होती. तिनं हार काढला, बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि केबलींची अदलाबदल केली.

ब्लोअर सुरू. दोन्ही आकडे नाचले.

तिनं केबली पुन्हा होत्या तशा लावल्या. एक नंबरची एकमध्ये, दोनची दोनमध्ये. तरीही दोन्ही नाचले. आता आठच्या आठ नाचत होते. एक होता तोही हातचा गेला होता. घड्याळात सव्वाबारा वाजले होते आणि शरयूला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

ताडपत्रीजवळून रुख्माबाई बघत होत्या. निवडणाऱ्या बायांमध्ये सगळ्यात वयस्कर, आणि मनातलं मनात ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या मोठ्यांदा म्हणाल्या की हार काढला म्हणून झालं हे, दुसरं काय. तानबानं त्यांच्याकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या हाराकडे. शरयू वैतागून काहीतरी बोलणार, तेवढ्यात तानबानं हार उचलला. एक टोक एक नंबरच्या सॉकेटच्या गळ्याला गुंडाळलं, दुसरं पार उजव्या कोपऱ्यातल्या बोल्टला, आणि दोन्ही हात जोडले.

एक नंबर थांबला. ४०.८. ४०.८. ४०.९.

रुख्माबाईंच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की शरयूला त्यांचा राग यावा. पण शरयूला रागबिग काही आला नाही. गणिताच्या मास्तरांची मुलगी होती ती. एकदा झालं ते पुन्हा होतं का, हे तिला बघायचंच होतं.

“तानबाभाऊ, काढा बरं तो हार.”

“मॅडम, पहिला लॉट निघाल्याबिगर...”

“एकदाच. काढा.”

तानबानं एक टोक सोडलं. आकडा उडाला, पंचावन्नवर गेला. तिनं लावायला सांगितलं. आकडा बसला. काढायला सांगितलं, उडाला. लावायला सांगितलं, बसला. चौथ्या वेळी तानबाच तोंड उघडं टाकून बघत राहिला आणि बाया ताडपत्री सोडून पॅनेलभोवती जमल्या. नानाही आले. शरयूनं हार हातात घेतला, दोन फुलं बाजूला सारली आणि आत पाहिलं.

आत दोरा नव्हता. बारीक, नागडी लोखंडी तार होती.

तानबानं जरा ओशाळून खुलासा केला. ड्रायरजवळ झळ फार; दोरा वाळून तुटतो आणि हार खाली पडतो, ते अपशकुनासारखं दिसतं. म्हणून तो दरवर्षी झेंडू तारेत ओवायचा.

ते ऐकताना शरयू जागच्या जागी दोन पावलं नाचली, असं रुख्माबाई नंतर सगळ्यांना सांगायच्या. तिला सगळं एकदम दिसलं होतं. तिनं मल्टिमीटर उचलला, एक टोक एक नंबरच्या सॉकेटला आणि दुसरं त्या कोपऱ्यातल्या बोल्टला लावलं. तो बोल्ट म्हणजे पॅनेलच्या अर्थिंगचा बोल्ट. मीटर पी करून वाजला, म्हणजे वीज जायला वाट आहे. मग दोन नंबरचं सॉकेट आणि तोच बोल्ट. मीटर गप्प. तीन, चार, पाच, सगळे गप्प.

“नाना, इकडे बघा,” ती म्हणाली, आणि धाप लागल्यासारखी भराभरा सांगायला लागली. केबलीच्या अंगात बारीक तारांची विणलेली जाळी असते. बाहेरून येणारा विजेचा कचरा ती जाळी पकडते आणि जमिनीत सोडून देते. पण जमिनीपर्यंत जायला तिला वाट पाहिजे. जाळी कनेक्टरच्या धातूच्या गळ्याला टेकते, गळा सॉकेटला, सॉकेट पॅनेलच्या पत्र्याला, पत्रा अर्थिंगला. यातली एक जरी जागा तुटली तर जाळीनं पकडलेला कचरा जाणार कुठे? तो आतल्या तारांमध्येच शिरतो. एक नंबरला तानबाभाऊंच्या हारानं वाट करून दिली. बाकीच्यांची वाट कुठेतरी बंद आहे.

“कुठं?” नानांनी विचारलं.

शरयूनं दोन नंबरच्या सॉकेटकडे पाहिलं. सॉकेट आणि पत्रा यांच्यामध्ये काय आहे ते तिला दिसत होतं. हिरवं, गुळगुळीत, चकचकीत. संक्रांतीला तिनं स्वतः त्याचं कौतुक केलं होतं. तिनं आवाज जमेल तितका साधा ठेवला आणि विचारलं, “तानबाभाऊ, सॉकेटं खोलून त्यांच्या खालून रंग दिला होता का तुम्ही?”

“देल्ला ना,” तानबा छाती काढून म्हणाला. “कोनी बी वरवर रंगवते. मी आठही खोलले, खालून दोन हात मारले, नटाखाली बी मारले. वाळले, मंग बसवले.”

बोलता बोलता त्याचा आवाज आपोआप मंदावला. शरयूनं काही म्हटलं नव्हतं, पण ती ज्या जागेकडे बघत होती तिकडे तोही बघायला लागला होता. ऑइलपेंटमधून वीज जात नाही, हे त्यालाही माहीत होतं. मिस्त्री होता तो.

“म्हंजे पंधरा दिवस हे माह्या रंगानं झालं,” तो म्हणाला.

शरयूनं ठामपणे मान हलवली. ती म्हणाली की रंग तर तुम्ही बावीस वर्षं देताय, जुन्या ड्रायरला त्यानं काही होत नव्हतं. नवं पॅनेल आलं तेव्हा इथे रंग नको हे सांगणं माझं काम होतं. मी बघितलं, छान दिसतंय म्हटलं आणि चालायला लागले. ती हे तोंडदेखलं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं.

तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दोन नंबरचं सॉकेट खोलायला लागली. तानबानं तिचा हात धरला नाही, पण मध्ये येऊन उभा राहिला.

“ज्यानं रंगवलं त्यानंच खरडाव, मॅडम. तुम्ही मीटर धरा.”

मग जे चाललं ते बघण्यासारखं होतं. तानबानं सॉकेट खोललं, खालचा रंग ब्लेडनं खरवडला, वरून पॉलिश पेपर फिरवला. त्यातही त्याची शिस्त गेली नाही. सॉकेटच्या घेराएवढाच गोल, एक केसभर इकडेतिकडे नाही. आत लख्ख पांढरा पत्रा, बाहेर हिरवा रंग जसाच्या तसा. नट आवळला. शरयूनं मीटर लावला, मीटर वाजला. तिनं केबल खोचली. दोन नंबर थांबला.

“दोन बसला,” रुख्माबाईंनी पुकारा केला.

तीन बसला. चार बसला. पाचाला तानबाचं बोट कापलं, त्यानं ते तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं काम चालू ठेवलं. प्रभाकरराव ऑफिसातून काय गलका आहे म्हणून बघायला आले आणि कोणी त्यांच्यासाठी वाट केली नाही, तेव्हा तेही टाचा उंचावून मागे उभे राहिले. सहा बसला. सात बसला. बाया आता आकडा बसायच्या आधीच श्वास रोखून धरत आणि बसला की एकदम हसत. पावणेदोनला आठ बसला. शेवटी तानबानं हात जोडून हार उतरवला, एक नंबरही खरवडून बसवला, आणि हार परत लावला, पण या वेळी एका साध्या खिळ्याला.

“आता पूर्ण वेगावर घ्या,” शरयू म्हणाली.

ब्लोअर घोंघावत वर चढला. पॅनेलवर आठ लाल आकडे, एकही जागचा हलेना. शरयूनं मिनिटभर बघितलं, दोन मिनिटं बघितलं. हाराच्या तारेवर एक नंबर थोडातरी थरथरायचा, आता दशांशही हलत नव्हता. तिला ओरडावंसं वाटत होतं. त्याऐवजी ती वळली आणि नानांना म्हणाली की टाका सरकी.

दिवेलागणीपर्यंत ड्रायर चालला. कुठल्याही कोपऱ्याला एक्केचाळीसच्या वर जाऊ दिलं नाही. तानबा सवयीनं अधूनमधून हात आत घालायचा, मग पॅनेलकडे बघायचा आणि स्वतःशीच मान हलवायचा. शेवटची पोती शिवून झाली तेव्हा शरयूनं प्रत्येक पोत्यातून मूठ मूठ सरकी काढली आणि त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठेवले. उगवणीची परीक्षा. कपाशीचा शेवटचा निकाल बाराव्या दिवशी.

ते बारा दिवस शरयूला फार जड गेले. आकडे शांत झाले म्हणून सगळा कारखाना खूश होता, पण आकडा खरा होता की नाही हे दाणेच सांगणार होते. धुतल्यानंतर सरकी पाच तास ओली पडून होती. शिवाय सकाळी आकडे नाचत असताना एक पोतं ड्रायरमध्ये टाकलं गेलं होतं, दहा मिनिटांत बाहेर काढलं. पण त्या दहा मिनिटांत आत खरोखर किती अंश होते ते कोण सांगणार? ती रोज गुंडाळीवर पाणी शिंपडायची आणि उघडून बघायचा मोह आवरायची.

बाराव्या दिवशी नाना पवनारहून एसटीनं आले, पण आत आले नाहीत. फाटकाजवळच्या बाकावर बसले आणि तानबाला सांगितलं की तुम्हीच बघा, मला तिथे उभं राहवणार नाही. शरयूनं टेबलावर गुंडाळी उलगडली. पांढरे मुळांचे धागे, वर वाकडे होऊन सरळ होऊ पाहणारे हिरवे कोंब. तिनं दहा-दहा करून मोजले. तानबानं मोजले. विश्वास बसेना म्हणून पुन्हा तिनं मोजले, आणि उलगडलेला कागद तसाच दोन्ही हातांवर धरून ती उन्हात फाटकाकडे पळत सुटली.

“नाना, शंभरातले त्र्याण्णव.”

नानांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी टोपीनं पुसले आणि खेकसले, “अन् सात काऊन नाई आले?”

शरयूनं कागद बाकावर ठेवला आणि न उगवलेले सात दाणे वेगळे करून दाखवले. नानांनी चष्मा लावला. एकेक दाणा बोटांत धरून नखानं फोडला, आतला गर बघितला, हुंगला. भाजलेल्या दाण्याचा गर कसा दिसतो ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. पहिला पोकळ निघाला. दुसरा पोकळ. तिसऱ्यात किडीचं भोक होतं. चौथा, पाचवा, सहावा. तानबा शेजारी येऊन उभा राहिला होता. सातवा दाणा नानांनी फार वेळ पाहिला, उन्हात धरून उलटासुलटा केला.

“हे सातही माह्या वावरातूनच असे आलते,” नाना म्हणाले. “तुह्या हातानं एकबी नाई मेला, पोरी.”

शरयू बाकावर त्यांच्याशेजारी बसली आणि इतक्या दिवसांचं आवरलेलं रडू तिला एकदम आलं. नानांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तानबा मात्र कागदावरचे कोंब पुन्हा पहिल्यापासून मोजत होता.